लाकडी फरशीची यजमानीण

"तोपोलनिकमधल्या तरुणाईच्या आणि व्यायामाच्या मध्ये आजपासून एकही अडथळा उरलेला नाही," अशी घोषणा उपनगराध्यक्ष झिवादिन क्रुनिच यांनी बारा सप्टेंबरला सकाळी अकरा वाजता, दोन बातमीदार आणि एका ब्रास बँडच्या साक्षीने केली. फीत कापली गेली, टाळ्या झाल्या, बँड वाजला. मग सगळे जेवायला गेले, आणि शाळेच्या शिपाईमावशी दोब्रिला यांनी नव्या व्यायामशाळेच्या दाराला कुलूप लावलं.

जानेवारी संपत आला तरी ते कुलूप निघालं नव्हतं.

यात कोणाचाच दोष नव्हता. दोष होता तो फरशीचा. ती फार चांगली निघाली. ओकच्या लाकडाची, मधाच्या रंगाची, इतकी गुळगुळीत की छताला टांगलेले दिवे तिच्यात दुसऱ्यांदा दिसत. परदेशातून निधी आला होता, त्याचा उद्देश दाराशेजारच्या पितळी पाटीवर कोरला होता : "वंचित मुलामुलींच्या शारीरिक हालचालींतील अडथळे दूर करणे." निधी देणाऱ्यांना बिचाऱ्यांना आमची माणसं ठाऊक नव्हती. तोपोलनिकमध्ये ज्याच्या घरी दोनच खोल्या असतात तोही त्यातली एक पाहुण्यांसाठी राखून ठेवतो, आणि तिथल्या कोचावरचं प्लास्टिक एकदम लेकीच्या लग्नात काढतो. अशा गावाला ओकची फरशी दिली तर तिच्यावर मुलं नाचतील, हे स्वप्न फक्त परदेशी माणसालाच पडू शकतं.

खेळाचे मास्तर कंबरदुखीने ऑक्टोबरपासून रजेवर होते. त्यांचा तास इतिहासाच्या बाई घेत. बाई प्रामाणिक होत्या; विषय सोडून काही शिकवत नसत. त्यांनी "बैठ्या जीवनाचे दुष्परिणाम" हा धडा सांगितला, आणि आठवीच्या वर्गाने सलग पंचेचाळीस मिनिटं बसून तो उतरवून घेतला.

सर्वांत सुवाच्य उतरवला तो कोसाराने. कोसारा चौदा वर्षांची, हडकुळी, लांब हातांची, आणि कोणी "नाही" म्हटलं की "का?" असं विचारायची खोड असलेली. राहायची रुळांपलीकडच्या बराकींत. एका पुरानंतर लोकांची सहा महिन्यांची तात्पुरती सोय म्हणून त्या बराकी बांधल्या होत्या. तिची आजी तिथे तात्पुरती राहायला आली तेव्हा नवी नवरी होती.

बराकीतल्या पाच मुलींचा कोसाराने बास्केटबॉलचा संघ काढला होता. पाचच होत्या, त्यामुळे कोणाला आजारी पडायची मुभा नव्हती. स्लाविका आणि स्तोया या बहिणींत खेळायच्या बुटांचा एकच जोड होता. एकीचा डावा पाय चपळ आणि दुसरीचा उजवा, असं जुळवून त्या भागवत. मिलुंकाची आई मोज्यांच्या कारखान्यातून परत येईपर्यंत धाकट्या बहिणीला सांभाळावं लागे, म्हणून ती सरावाला बहिणीला काखोटीला मारून येई आणि एका हाताने बचाव करी. रुमेनाच्या आजीचं ठाम मत होतं की मुलगी घामेजली, आणि त्यावर वाऱ्याची झुळूक लागली, की सरळ न्यूमोनिया. त्यामुळे रुमेना घाम येणार नाही अशा बेताने धावत असे. या सगळ्यातून वाट काढत पोरी बॉयलरघरामागच्या अंगणात रोज खेळत. ऑक्टोबरात चेंडू व्यायामशाळेच्या खिडकीवर आदळला. काच फुटली नाही, पण काचेपलीकडे फरशी होती. दोब्रिलामावशींनी चेंडू जप्त करून शाळेच्या काचेच्या कपाटात ठेवला. तेव्हापासून सराव चेंडूशिवाय चाले. त्याचा एक फायदा झाला : नेम कोणाचाच चुकत नव्हता. पुढे बर्फ पडला आणि अंगणही गेलं.

जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेचा अर्ज कोसाराच्या दप्तरात दोन वह्यांच्या मध्ये इस्त्री केल्यासारखा ठेवलेला होता. सगळं भरलेलं, एक रकाना सोडून : "सरावासाठी आठवड्यातून किमान दोनदा उपलब्ध असलेली बंदिस्त जागा", त्याखाली मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. मुदत अठ्ठावीस जानेवारी. ही मुदत चुकली की सगळं चुकलं, कारण आठवीनंतर ही शाळा संपत होती. जूनमध्ये स्लाविका आणि स्तोया शिवणशाळेत, मिलुंका मावशीकडे परमुलखात, रुमेना आजीच्या देखरेखीखाली. पाच जणी पुन्हा एका जागी यायच्या नव्हत्या.

मुख्याध्यापक स्रेतेन हे सज्जन गृहस्थ होते. कोसारा त्यांच्याकडे तीनदा गेली आणि तिन्ही वेळा त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली. पहिल्यांदा म्हणाले, फरशी नवी आहे, अजून बसायची आहे. दुसऱ्यांदा म्हणाले, आत थंडी फार, आणि गरम करायला परवानगी लागते. तिसऱ्यांदा कारणं संपली, तेव्हा ते खरं बोलले.

"हे बघ पोरी, तुम्हाला दिली तर सगळ्यांनाच द्यावी लागेल."

"मग द्या ना सर."

"म्हणजे मग ती वापरात येईल." हे बोलताना त्यांचा चेहरा असा झाला, जसं काही घराला आग लागल्याची बातमी स्वतःच स्वतःला देतायत.

त्या दिवशी कोसाराने घरी येऊन दप्तर आपटलं. आजी चुलीपाशी लाल लोकरीचे मोजे विणत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, टाके मोजले, आणि विचारलं, "तुझ्या त्या महालाचं दार वर्षात कधीच उघडत नाही?"

"सत्तावीसला उघडणार. शाळेचा स्लावा आहे ना. संत सावांचा पाव तिथेच मोडणार आहेत यंदा. पण आपल्याला कुठलं बोलावणं? मोठ्या लोकांना चिठ्ठ्या गेल्यात."

आजीच्या सुया थांबल्या. "चिठ्ठ्या? स्लावाला? अगं, घराच्या संताचा दिवस तो. त्याला कोणी कोणाला बोलावत नाही. येईल तो पाहुणा. आणि स्लावाच्या दिवशी दारातून माणूस परत पाठवला तर त्या घराला वर्षभर बरकत नसते. हे त्या स्रेतेनला ठाऊक नसेल तर त्याच्या आईला ठाऊक होतं. मी तिच्याबरोबर भट्टीवर काम केलंय."

कोसाराने दप्तर उचललं, अर्जाला घडी पडली नाही ना ते पाहिलं आणि म्हणाली, "आजी, मोजे पाच जोड हवेत."

"तीन झालेत. उरलेल्या दोनांना जरा उसंत दे."

सत्तावीसला सकाळी बर्फ गुडघ्याएवढा होता. व्यायामशाळेच्या दारात दोब्रिलामावशी दवाखान्यातून आणलेल्या निळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांचं खोकं घेऊन उभ्या होत्या. शल्यक्रियेच्या खोलीत शिरताना बुटांवर चढवतात त्या पिशव्या. त्या चढवल्याशिवाय आत प्रवेश नव्हता. डॉक्टर असो, ठाणेदार असो.

बराकीतल्या पाच पोरी एका ओळीत, मिलुंकाच्या काखोटीला धाकटी बहीण, अशा येताना पाहून मावशींनी खोकं छातीशी धरलं.

"कुठे निघाली वरात?"

"स्लावाला, मावशी. स्लावा सुखाचा जावो."

"जाईल जाईल. पण तुम्हाला बोलावलंय कोणी?"

"स्लावाला बोलावतात का मावशी?" कोसाराने इतक्या साधेपणाने विचारलं की मावशींना उत्तर देणं भाग पडलं.

दोब्रिलामावशी फरशीच्या बाबतीत कठोर होत्या, पण रीतीच्या बाबतीत त्याहून कठोर. त्यांच्या घरच्या स्लावाला एकदा रस्ता चुकलेला पाणीमीटरवाला आला होता. त्याला त्यांनी तीन दिवस जेवू घातलं होतं, आणि तो नाही नाही म्हणत होता. त्यांनी पोरींना खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग वरपासून खालपर्यंत. बुटांपाशी नजर थांबली.

"पिशव्या संपत आल्यात. मोठ्या लोकांना लागतील."

"आम्ही बूट काढतो की," कोसारा म्हणाली, आणि पाचही जणींनी बूट काढले. आत जाडजूड, नवेकोरे, लाल लोकरीचे मोजे होते.

दोब्रिलामावशींचा चेहरा विरघळला. चार महिने त्या ज्या क्षणाची वाट पाहत होत्या तो असा अचानक समोर येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. "याला म्हणतात वळण," त्या मागे उभ्या असलेल्या दातांच्या डॉक्टरांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "जा, अगदी पुढे उभ्या राहा. निदान तेवढ्या जागेवर तरी ओरखडे नकोत."

अशा रीतीने बराकीतल्या पाच पोरी पहिल्या रांगेत आल्या, आणि गावातली प्रतिष्ठित मंडळी निळ्या पिशव्यांत पाय घालून, कुरकुर आवाज करत, त्यांच्या मागे दाटीने उभी राहिली. टेबलावर मेणबत्ती, वाइन, उकडलेल्या गोड गव्हाचं ताट आणि मधोमध तो गोल, नक्षीचा, सोनेरी पाव. बाजूला यंदाचा यजमान, बेकरीवाला. स्लावाचं जेवण दोनशे माणसांचं असतं. ते यजमानाने घालायचं असतं. बेकरीवाल्याच्या चेहऱ्यावर, ओझं उतरायला आता थोडाच वेळ उरलाय, अशा हमालाचा भाव होता. मोडलेल्या पावाचं दुसरं अर्धुक घेऊन जो त्याला ओठ लावतो तो पुढच्या वर्षीचा यजमान, आणि तो आधीच ठरला होता : उपनगराध्यक्ष झिवादिन क्रुनिच. तोपर्यंत निवडणूक यायची होती.

झिवादिनसाहेब वेळेवर आले, पण दारातच अडले. पायांत नवे इटालियन बूट होते. दोब्रिलामावशींनी पिशव्या पुढे केल्या.

"बाई, मी ही जागा बांधली," साहेब म्हणाले.

"बांधली तुम्ही. पुसते मी."

"फोटो काढायचेत आज. निळ्या पिशव्या घालून फोटो काढू?"

"मग बूट काढा."

साहेबांनी खालच्या आवाजात काहीतरी सांगितलं. पुढे असं कळलं की त्यांच्या डाव्या मोज्याला भोक होतं.

"भोक संतांनाही दिसतंच," मावशी मुळीच खालच्या आवाजात न बोलता म्हणाल्या.

इकडे आत पाद्रीबाबांना घाई होती. संत सावा हे सगळ्याच शाळांचे संत. बाबांना त्या सकाळी अजून दोन पाव मोडायचे होते. त्यातून ते बाहेरच्या थंडीतून एकदम या गरम खोलीत आलेले, त्यामुळे चष्म्यावर धुकं बसलेलं. त्यांनी पावावर वाइन ओतली, यजमानाबरोबर पाव गोल फिरवला, प्रार्थना म्हटली, पाव मधोमध मोडला. एक अर्धुक बेकरीवाल्याला दिलं. दुसरं हातात धरून ते वळले.

"पुढच्या वर्षीचा यजमान?"

मुख्याध्यापक दाराकडे बघत होते. दाराकडून "एक तरी पाय घाला साहेब" असा आवाज येत होता. पाद्रीबाबांना धुक्यातून समोर काहीतरी लाल दिसलं. झिवादिनसाहेब बारा महिने लाल मफलर वापरतात, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. बाबांनी पाव पुढे केला.

लाल होता तो कोसाराच्या गळ्यातला रुमाल. तिला वाटलं, पाहुण्यांना प्रसाद वाटतायत. समोर आलेल्या पावाला नाही म्हणायचं नाही, असं आजीने शिकवलं होतं. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, त्याला ओठ लावले, आणि हा एवढा मोठा तुकडा पाच जणींत कसा वाटायचा याचा विचार करू लागली.

निळ्या पिशव्यांची कुरकुर एकदम थांबली.

"घेतला," मागून कोणीतरी म्हणालं.

"ओठ लावले," दुसरं कोणीतरी म्हणालं.

पाद्रीबाबांनी चष्मा पुसला, घातला, समोर पाहिलं. त्यांनी चाळीस वर्षं पाव मोडले होते; ते गडबडले नाहीत. "कोणाची तू, बाळ?"

"कोसारा. रुळांपलीकडची."

"बरं. यजमानीणबाई, देव भलं करो," असं म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि घड्याळ पाहिलं.

मुख्याध्यापक स्रेतेन घाईने पुढे आले, पिशव्यांमुळे जरा घसरले, आणि टेबल धरून उभे राहिले. "बाबा, गैरसमज झाला. पोरी, तो पाव इकडे दे. तो दुसऱ्यासाठी आहे."

"परत घ्यायचा?" दोब्रिलामावशी दारातूनच म्हणाल्या. साहेबांना त्यांनी तिथेच एका पिशवीवर सोडलं होतं. "घेतलेला पाव परत? सर, माझ्या माहेरी एकाने परत घेतला होता. त्या वर्षी त्याच्या आलुबुखाराला फळ धरलं नाही, आणि जावई राजकारणात गेला."

लोकांत सहानुभूतीची कुजबुज झाली.

"अहो पण ही आठवीत आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "पुढच्या जानेवारीत ही शाळेत नसणारच."

कोसाराला आता सगळं समजलं होतं. आपण काय करून बसलो हे कळल्यावर माणूस एकतर लाल होतो किंवा शहाणा होतो. लाल तिच्या अंगावर आधीच पुष्कळ होतं.

"सर," ती म्हणाली, "झिवादिनसाहेब कितवीत आहेत?"

दातांचे डॉक्टर हसले आणि खोकल्यासारखं केलं.

"आणि दोनशे माणसांचं जेवण कोण घालणार?" मुख्याध्यापकांनी शेवटचा मुद्दा काढला.

"बराकीत सेहेचाळीस घरं आहेत. घरटी एक पातेलं कोबीच्या पानांतला खिमा. दोनशे कसले, उरेल. आजपर्यंत आम्हाला कोणी यजमान केलंच नव्हतं, म्हणून गावाने आमच्या हातचं खाल्लं नाही." तिने पाव मिलुंकाच्या धाकट्या बहिणीच्या आवाक्याबाहेर, दुसऱ्या हातात घेतला. "पण सर, मला एक सांगा. स्लावाचा यजमान कोण असतो? ज्याचं घर तो ना?"

"हो," मुख्याध्यापक सावधपणे म्हणाले.

"मग वर्षभर हे घर माझ्याकडे. आणि यजमानीण स्वतःच्याच घराच्या बाहेर, बर्फात उभी असते, हे संतांना बरं दिसेल का?"

मुख्याध्यापकांनी पाद्रीबाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "प्रश्न शास्त्राला धरून आहे," आणि कोट घालू लागले.

"दर मंगळवारी आणि गुरुवारी मी घराकडे बघायला येईन," कोसाराने पाठीवरचं दप्तर पुढे ओढून उघडलं. "चार बायका मदतीला. हे सगळं इथे लिहिलंय, फक्त शिक्का राहिलाय. तुमच्या कोटाच्या आतल्या खिशात असतो तो."

मुख्याध्यापकांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. ते फरशीकडे बघत होते. एवढ्यात झिवादिनसाहेब अखेर आत आले, एका पायात निळी पिशवी, दुसऱ्या पायात भोकाचा मोजा. पुढच्या वर्षीचं जेवण, कोकरांचा खर्च आणि त्या जेवणाआधीच उरकणारी निवडणूक यांचं गणित त्यांनी दारात उभ्या उभ्या केलं होतं, आणि उत्तर मोठं सुखाचं आलं होतं.

"मुख्याध्यापक," ते घनगंभीर आवाजात म्हणाले, "वंचित मुलीच्या आड मी येणार नाही. हा मान मी तिला देतो. शिक्का मारा. कुठे गेला फोटोवाला?"

शिक्का मारला गेला. तो जरा तिरका बसला, कारण मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले होते. दुपारच्या बसने कोसारा स्वतः जिल्ह्याच्या गावी गेली आणि अर्ज देऊन आली. पाव बराकीत पोचला. आजीने त्याचे सेहेचाळीस तुकडे केले आणि प्रत्येक घराला सांगितलं की हा गोड लागतोय, पण पुढच्या वर्षी एका पातेल्याला पडणार आहे.

मंगळवारी दुपारी चारला दोब्रिलामावशींनी गळ्यातली किल्ली काढून कुलूप उघडलं. पाचही पोरींचे मोजे त्यांनी आदल्या दिवशीच मागून घेतले होते, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून त्यांच्या तळव्यांना शिवले होते. "घसरून पडलात तर दात फरशीला लागतील," एवढंच त्या म्हणाल्या. स्लाविका आणि स्तोयाकडे पहिल्यांदाच चार पायांना चार पायताणं होती. मिलुंकाची बहीण मावशींच्या मांडीवर गेली. रुमेनाच्या आजीने खिडक्या स्वतः येऊन तपासल्या, झुळूक कुठेच नाही अशी खात्री करून घेतली, आणि नातीला घाम यायला परवानगी दिली. मग ती बाकावर बसली, कारण एवढी ऊब तिच्या घरीही नव्हती.

मुख्याध्यापक दारात उभे होते.

कोसारा फरशीच्या मधोमध गेली. वर दिवे होते, खाली दिवे होते. चौघी जणी तिच्याभोवती गोल उभ्या राहिल्या. "ऐका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चारी भिंतींना लागून परत आला. "आतापर्यंत आपण जागा नाही, बूट नाहीत, वेळ नाही असं म्हणत होतो. आजपासून तसलं काही म्हणायचं नाही. आजपासून हे घर आपलं. जिल्ह्यातला एकही संघ आपल्याला इथे येऊन हरवणार नाही. हात पुढे."

पाच हात एकावर एक पडले. बाकावरून रुमेनाच्या आजीने डोळे टिपले. पोरी जागा घ्यायला पांगल्या, वाकल्या, तयार झाल्या, आणि सगळ्यांच्या नजरा कोसाराच्या हातांकडे वळल्या. तिने हातांकडे पाहिलं. मग ती बाकापाशी गेली.

"मावशी," ती जरा हळू आवाजात म्हणाली, "ऑक्टोबरातला तो आमचा चेंडू कपाटातून काढून देता का?"